तिऱ्हाइताच्या हातातील पैसा : हुकूमनाम्याची वसुली आणि शिक्षक



गावात न्यायालयाचा बेलिफ आला म्हणजे त्याची पावले पुष्कळदा शाळेकडे वळतात. ज्याच्या नावाचा कागद असतो तो शेतावर गेलेला असतो, घरची माणसे कागदाला हात लावण्यास कचरतात, आणि मग 'गुरुजींना विचारा' हा गावचा नेहमीचा तोडगा पुढे येतो. समन्स म्हणजे काय हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. जप्तीचे वॉरंटही खेड्यांना नवे नाही. परंतु कधीकधी असा एक कागद येतो की तो वाचून खुद्द गुरुजीही घोटाळ्यात पडतात. ज्याच्या नावे कागद आहे त्याने कर्ज काढलेले नाही, त्याच्यावर कोणी दावा केलेला नाही. तरीही न्यायालय त्याला बजावते की, अमुक इसमाचे जे पैसे तुमच्याकडून देणे आहेत ते त्या इसमाला देऊ नयेत. 'भांडण दोघांचे, आणि हुकूम मला का?' असा प्रश्न तो करतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाला माहीत असणे अगत्याचे आहे. कारण एखाद्या दिवशी हा तिऱ्हाईत म्हणजे शिक्षकाचा पगार काढणारे कार्यालयच असते, आणि अडविलेला पैसा म्हणजे त्याच्या घरची महिन्याची चूल असते.

दावा जिंकला म्हणजे पैसा हाती आला, ही समजूत फार मोठी चूक आहे. न्यायालयाचा हुकूमनामा हा पैसा मागण्याचा अधिकार होय, प्रत्यक्ष पैसा नव्हे. ऋणकोने आपण होऊन रक्कम दिली नाही तर धनकोला पुन्हा न्यायालयात जाऊन अंमलबजावणीची दरखास्त करावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्याला त्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्याने १२ वर्षांची मुदत दिली आहे. ऋणकोची मालमत्ता कोठे आहे हे न्यायालय आपण होऊन शोधीत बसत नाही. ती धनकोने दाखवावयाची असते. आणि येथेच पुष्कळ धनको थकतात. घर पत्नीच्या नावावर, ट्रक भावाच्या नावावर, आणि ऋणको मात्र उजळ माथ्याने गावात हिंडत असतो.

तथापि माणसाची मालमत्ता त्याच्या घरात व शेतात असते तेवढीच नव्हे. दुसऱ्याकडून त्याला जे येणे असते तेही त्याचेच धन होय. बँकेतील ठेव म्हणजे बँकेकडून येणे. पुरविलेल्या मालाची थकलेली किंमत म्हणजे गिऱ्हाइकाकडून येणे. महिनाअखेरचा पगार म्हणजे मालकाकडून येणे. हे येणे ऋणकोच्या हाती पडण्यापूर्वीच, म्हणजे ते तिऱ्हाइताच्या हातात असतानाच, न्यायालयाने अडवावे व त्यातून धनकोचे देणे भागवावे, अशी ही योजना आहे. इंग्रजी कायद्यात या तिऱ्हाइताला 'गार्निशी' म्हणतात. ज्या जुन्या फ्रेंच शब्दापासून हे नाव आले त्याचा एक अर्थ सावध करणे असा आहे. ज्याला न्यायालयाने सावध केले तो गार्निशी. लंडन शहरात ही वहिवाट फार जुनी होती. इंग्लंडमध्ये १८५४ च्या कायद्याने ती सर्वत्र रूढ केली. भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अशा येण्यावर मनाई हुकूम काढण्याची तरतूद प्रथमपासून होती. परंतु तिऱ्हाइताने मनाई पाळूनही पैसे भरले नाहीत तर पुढे काय, याचे उत्तर तीत स्पष्ट नव्हते. काही उच्च न्यायालयांनी आपापल्या नियमांत ती उणीव भरून काढली होती. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने संहितेच्या एकविसाव्या आदेशात नवे नियम घातले गेले, आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून ही पद्धत देशभर एकसारखी झाली.

कल्पनेतील पण खेड्यात सहज घडण्याजोगे एक उदाहरण घ्यावे. एका कंत्राटदाराने शाळेच्या दोन खोल्या बांधल्या. विटा उधारीवर आणल्या आणि वीटभट्टीवाल्याला आज देतो, उद्या देतो म्हणून झुलवीत ठेवले. भट्टीवाल्याने दावा करून हुकूमनामा मिळविला. कंत्राटदाराच्या घरी जप्ती नेली तर हाती काही लागत नाही. परंतु खोल्यांचे अखेरचे बिल जिल्हा परिषदेकडून यावयाचे आहे, हे त्या भट्टीवाल्याला ठाऊक आहे. येथे जिल्हा परिषद ही तिऱ्हाईत झाली. भट्टीवाल्याने दरखास्तीत त्या येण्याच्या जप्तीची मागणी करावयाची, आणि जिल्हा परिषद कंत्राटदाराचे देणे लागते असे आपल्याला वाटते हे प्रतिज्ञापत्रावर सांगावयाचे. न्यायालय दुहेरी मनाई करते. कंत्राटदाराने ते येणे वसूल करू नये, आणि परिषदेने ते त्याला देऊ नये. पाठोपाठ परिषदेला नोटीस जाते की, हुकूमनामा फिटेल इतकी रक्कम न्यायालयात भरा, किंवा न भरण्याचे कारण दाखवा.

आता तिऱ्हाइतापुढे तीन वाटा असतात. देणे मान्य असेल तर त्याने पैसे न्यायालयात भरावेत. तसे भरले म्हणजे कंत्राटदाराला दिल्यासारखेच झाले. तो पुन्हा मागू शकत नाही. न्यायालयाची पावती हीच त्या देण्याची फेड होय. देणे मान्य नसेल, उदाहरणार्थ काम अपुरे आहे, दंड कापावयाचा आहे, किंवा बिल नोटिशीपूर्वीच चुकते केले आहे, तर तसे न्यायालयात हजर होऊन सांगावे. मग त्या वादाची दाव्यातील मुद्द्याप्रमाणेच रीतसर चौकशी होते. या येण्यावर भलत्याच कोणाचा हक्क असल्याचे दिसले तर न्यायालय त्यालाही बोलावून घेते. तिसरी वाट म्हणजे कागद फडताळात टाकून स्वस्थ बसणे. ही वाट सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत महाग पडते. कारण जो पैसेही भरीत नाही व हजरही होत नाही, त्याच्याविरुद्धच न्यायालय हुकूम करू शकते, आणि त्या हुकुमाची बजावणी जणू त्याच्यावरच हुकूमनामा झाला आहे अशा रीतीने होते. भांडण दोघांचे, परंतु मौनामुळे तिसरा त्यात ऋणको होऊन बसतो!

नोटीस बजावली गेल्यानंतर तिऱ्हाइताने ऋणकोला गुपचूप पैसे दिले तर संहितेच्या ६४ व्या कलमाप्रमाणे ते देणे धनकोपुरते व्यर्थ ठरते. म्हणजे त्याला तीच रक्कम पुन्हा भरण्याची पाळी येऊ शकते. उलट, नोटीस येण्यापूर्वी सरळपणे दिलेले पैसे दिलेलेच राहतात. यास्तव असा कागद घेणाऱ्याने त्यावर दिनांकच नव्हे तर वेळही लिहून ठेवावी. सकाळी दिलेले पैसे व दुपारी आलेली नोटीस यांत महदंतर आहे.

येणे मात्र खरोखर 'येणे' असले पाहिजे. मुदत पुढे असली तरी चालते. काम पुरे झाले आहे पण रक्कम दोन महिन्यांनी द्यावयाची आहे, असे देणे अडविता येते. परंतु पुढे कधी काळी कंत्राट मिळेल व त्याचे पैसे होतील, ही आशा म्हणजे येणे नव्हे. तसेच ज्या बँक-खात्यात ग्राहकच बँकेचे देणे लागतो त्या खात्यात अडविण्यासारखे काही नसते.

गावात पुष्कळ वेळा वकिलाच्या नोटिशीचीच न्यायालयाचा हुकूम म्हणून धास्ती घेतली जाते. सावकाराने किंवा कंपनीने मुख्याध्यापकाला पत्र धाडावे की, 'तुमच्या अमुक शिक्षकाचा पगार थांबवा', आणि बिचाऱ्या मुख्याध्यापकाने घाबरून तो थांबवावा, असे होता कामा नये. दाव्याचा किंवा दरखास्तीचा क्रमांक, न्यायालयाचे नाव, शिक्का आणि सही नसेल तर तो केवळ एक कागद आहे. पतपेढीची गोष्ट मात्र वेगळी. सहकारी संस्थेच्या सभासदाने पगारातून हप्ते कापून घेण्यास लेखी संमती दिलेली असली तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४९ व्या कलमाप्रमाणे मालकाला ती कपात करावी लागते. आणि संस्थेची थकबाकी निबंधकाच्या वसुली दाखल्यानेही वसूल होते. ती वाट दिवाणी न्यायालयाच्या दरखास्तीहून निराळी असल्यामुळे दोहोंची गल्लत करू नये.

आता पगाराकडे वळावे. शिक्षकाच्या दृष्टीने या विषयाचा गाभा हाच. जिल्हा परिषद ही कायद्याच्या भाषेत स्थानिक प्राधिकरण असल्याने तिच्या शिक्षकाच्या पगाराची जप्ती एकविसाव्या आदेशाच्या ४८ व्या नियमाने होते. हुकूम करणारे न्यायालय दुसऱ्या जिल्ह्यातील असले तरी हरकत नसते. न्यायालय सांगेल त्याप्रमाणे पगार देणाऱ्या अधिकाऱ्याने जप्तीयोग्य भाग दरमहा कापून न्यायालयाकडे पाठवावयाचा असतो.

परंतु सगळा पगार कोणालाही नेता येत नाही. संहितेच्या ६० व्या कलमाने पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचे दोनतृतीयांश जप्तीतून मुक्त ठेवले आहेत. समजा, शासनाने जप्तीमुक्त म्हणून जाहीर केलेले भत्ते वगळून शिक्षकाचे एकूण मासिक वेतन ३१,००० रुपये आहे. पहिले १,००० बाजूला काढले म्हणजे ३०,००० उरले. त्यांचे दोनतृतीयांश म्हणजे २०,००० रुपये, तेही सुरक्षित. जप्त होऊ शकतात ते राहिलेले १०,००० रुपये, आणि शिक्षकाच्या वाट्याला २१,००० रुपये राहतात. येथे एक चूक वारंवार संभवते. कर्जाचे हप्ते व इतर कपाती वजा जाऊन हाती पडणाऱ्या रकमेवर हा हिशोब मांडला जातो. कायद्याने 'पगार' म्हटले आहे ते एकूण मासिक वेतनाला, हाती पडणाऱ्या रकमेला नव्हे. ज्याने आधीच स्वखुशीच्या कपाती पुष्कळ ठेवल्या आहेत, त्याच्या घरात जप्तीनंतर २१,००० नव्हे, त्याहून पुष्कळच कमी जातात.

या पहिल्या हजार रुपयांविषयी थोडे बोलणे भाग आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ४०० रुपये ठरविली. १९९९ च्या दुरुस्तीने ती १,००० झाली व १ जुलै २००२ पासून अंमलात आली. ज्या काळी ४०० रुपये हा पगाराचा मोठा हिस्सा होता त्या काळी या संरक्षणाला वजन होते. आज एक हजारात एका कुटुंबाचा महिन्याचा किराणाही येत नाही. शिक्षकाला खरा आधार आहे तो दोनतृतीयांशांचा.

त्याहूनही महत्त्वाची, आणि फारच थोड्यांना ठाऊक असलेली, तरतूद मुदतीची आहे. पगाराचा हा जप्तीयोग्य भाग सलग किंवा तुटक मिळून २४ महिने जप्तीत राहिला, म्हणजे पुढील १२ महिने त्याला कोणीही हात लावू शकत नाही. आणि ते २४ महिने एकाच हुकूमनाम्यापायी गेले असतील, तर त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा मुक्त होतो. वरील उदाहरणात २४ महिन्यांत २,४०,००० रुपये वसूल झाले. हुकूमनामा ३,००,००० चा असला तर उरलेल्या ६०,००० साठी, व चढत असल्यास व्याजासाठी, धनकोने ऋणकोची दुसरी मालमत्ता शोधावी. त्या पगाराकडे त्याला पुन्हा येता येत नाही. देणे मात्र बुडाले असे समजू नये. बंद झाला तो एक दरवाजा. कार्यालयात महिने मोजणारा कोणी नसला तर पंचविसाव्या, तिसाव्या महिन्यातही कपात चालूच राहते. ज्याचा पगार कापला जात आहे त्याने स्वतःच पहिल्या कपातीचा महिना वहीत टिपून ठेवावा.

पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे मात्र हे सर्व औदार्य संपते. तेथे पगाराचा फक्त एकतृतीयांश सुरक्षित असून दोनतृतीयांशांपर्यंत जप्ती होऊ शकते. सावकाराच्या ऋणकोला कायदा जेवढे सांभाळून घेतो तेवढे बायकामुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

भविष्यनिर्वाह निधी, सेवानिवृत्तिवेतन, उपदान, आयुर्विम्याचे पैसे आणि निलंबनकाळातील निर्वाहभत्ता हेही जप्तीतून मुक्त आहेत. भविष्यनिर्वाह निधीसारखी रक्कम कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत तिचे संरक्षण सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ज्योती चिट फंडच्या १९७६ च्या खटल्यात म्हटले आहे. आणखी एक गोष्ट. 'माझ्या पगारावरील हे संरक्षण मी सोडून देतो' असे कलम कर्जाच्या कागदात कोणी घालून घेतले तरी ते निरर्थक आहे. हे संरक्षण सोडून देण्याचा करारच संहितेने रद्दबातल ठरविला आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ज्याने कर्ज काढलेच नाही त्याला याचे भय कसले? परंतु शिक्षकाच्या पगारावर जप्ती येते ती पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या कर्जापायी नव्हेच, ती जामीनकीपायी. बरोबरीचा शिक्षक छापील कागद पुढे करतो, 'नुसती सही हवी आहे' म्हणतो, आणि मधल्या सुट्टीत, चहा निवण्यापूर्वी, सही होऊन जाते. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण अशा सहीसाठीच जन्माला आली असावी. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हे स्पष्ट केले आहे. कर्ज काढणारा नोकरी सोडून निघून गेला, आणि ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी सापडतो तो जामीनदार राहिला, तर बँक कोणाकडे वळेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मग अशा जामीनदाराने हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. त्याने जे भरले ते मूळ कर्जदाराकडून परत घेण्याचा हक्क त्याला त्याच करार कायद्याने दिला आहे. कर्ज पुरते फेडल्यावर बँकेकडे कर्जदाराचे जे तारण असेल त्यावरही जामीनदाराचा हक्क पोचतो. पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याने दावा करावा. म्हणून दर महिन्याच्या कपातीचा दाखला त्याने जपून ठेवणे अवश्य आहे. हुकूमनामा मिळाल्यावर तोच धनको होतो, आणि सोडून गेलेल्या मित्राला दुसऱ्या संस्थेत पगार मिळत असला, त्याची बँकेत ठेव असली, किंवा कोणाकडून भाडे येत असले, तर तिऱ्हाइताच्या हातातील पैसा अडविण्याची हीच पद्धत त्याच्याही उपयोगी पडते. खासगी मालकाकडील पगाराचीही सोय १९७६ च्या दुरुस्तीत झाली आहे. ज्या रस्त्याने त्याचा पगार गेला त्याच रस्त्याने तो परत येऊ शकतो. फक्त त्या रस्त्यावर त्याला दरखास्त घेऊन स्वतः चालावे लागते. मैत्रीच्या संकोचाने पुष्कळजण हे पाऊल उचलीत नाहीत व तीन वर्षे निघून जातात.

आता मुख्याध्यापकाविषयी. जप्तीचा हुकूम नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जावयाचा असतो. तो चुकून शाळेवर आला तर आवक नोंदवहीत दिनांक व वेळ नोंदवून त्याच दिवशी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा आणि पोच घ्यावी. शिक्षकाची बदली झाली असेल तर तसे लेखी कळवावे. पगाराचा जप्तीयोग्य भाग आधीच दुसऱ्या हुकुमाखाली कापला जात असताना नवा हुकूम आला, तर तो दडवून ठेवावयाचा नसतो. चालू जप्तीचा संपूर्ण तपशील लिहून अधिकाऱ्याने तो त्या न्यायालयाकडे लगेच परत धाडावयाचा असतो. सहानुभूतीने 'या महिन्याचा घेऊन जा, मुलीचे लग्न आहे' असे म्हणून पगार पुरता देणारा अधिकारी वाईट माणूस नसतो. परंतु नियमाविरुद्ध दिलेल्या त्या रकमेची जबाबदारी जिल्हा परिषदेवर येते, आणि ती आपल्या अधिकाऱ्याला जाब विचारल्यावाचून राहत नाही. लग्नाची अडचण खरी असेल तर ती न्यायालयापुढे मांडावी. कपात एकरकमी घ्यावी की मासिक हप्त्यांनी, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, कार्यालयाचा नव्हे.

शेवटी देणे फिटल्यानंतरची एक बाब. कित्येकदा मध्यस्थ बसतात, धनको काही सूट देतो, शिक्षक उसनवारी करून उरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवतो, आणि दोघेही समाधानाने उठतात. पुढच्या महिन्यात पगारातून कपात होतेच. कारण न्यायालयाबाहेर झालेली फेड न्यायालयात नोंदली गेली नाही तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती मानीत नाही. धनकोने ती कळवावयास हवी; त्याने टाळाटाळ केली तर ऋणकोने पैसे दिल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वतः अर्ज करावा, आणि त्यासोबत धनकोच्या सहीची पावती किंवा बँकेमार्फत पैसे दिल्याचा पुरावा जोडावा. नोंद झाली म्हणजे दरखास्त निकाली निघते, जप्ती उठल्याचे पत्र न्यायालयातून पगार देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि त्याची एक प्रत शिक्षकाने स्वतः हाती घेऊन पगारबिल तयार होण्यापूर्वी कार्यालयात पोचवावी.